हार्वेस्टचे 23,300 रुपये

आधीच सांगतो, हे प्रकरण आमच्या नागपूरच्या एका मंडळीतलं, म्हणजे एका चर्चमधलं आहे. मंडळी कोणती, कुठल्या पंथाची, वर्ष कोणतं हे मुद्दाम लिहीत नाही आणि नावं तर नाहीच नाही, कारण ज्या चुगलीबद्दल लिहायला बसलो तीच मला परत करायची नाही. ज्यांच्यावर हे सगळं आलं त्या तेव्हा मंडळीच्या खजिनदार होत्या, त्यांना इथे ताई म्हणतो, मंडळीतही सगळे त्यांना ताईच म्हणतात. लिहून झाल्यावर त्यांना पूर्ण वाचून दाखवलं, दोन ठिकाणी त्यांनी थांबवलं, ते दोन्ही भाग काढून टाकले. बाकीचं राहू द्या म्हणाल्या, कोणाच्या तरी कामी येईल.

मी बँकेतून रिटायर झालेला माणूस, कमिटीवर बरीच वर्षं आहे, वर्षातून एकदा मंडळीचा हिशेब तपासून सही करणं माझ्याकडे असतं. म्हणजे या प्रकरणात मी लांबून बघणारा नव्हतो, आणि यातली सगळ्यात मोठी चूक माझी आहे, ती पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी हार्वेस्ट काय ते सांगतो. कापणीचा उपकारस्तुतीचा सण, शेतातलं पहिलं पीक देवापुढे आणायचं हा बायबलच्या जुन्या करारातला विचार. आता शहरात शेती कोणाकडे राहिली, तर लोक घरून जमेल ते आणतात, कोहळं, लिंबाचं लोणचं, केक, कोंबडा, संत्र्याची पेटी, कोणी शिवलेला फ्रॉक. उपासना झाली की चर्चच्या पटांगणात मंडपाखाली लिलाव होतो आणि तो खरंच आनंदाचा असतो, एकच कोंबडा तीन तीनदा विकला जातो कारण बोली जिंकणारा तो परत टेबलावर ठेवतो आणि म्हणतो पुन्हा बोला, एक लिंबू 500 रुपयाला जातं, लहान पोरं उड्या मारून राहिलेली असतात. आता बोली बोलणारे सगळेच काही खिशात पैसे घेऊन आलेले नसतात. "ताई, लिहून ठेवा, पुढच्या रविवारी देतो." ताई लिहून ठेवायच्या. दरवर्षी असंच होतं, आमच्या वडिलांच्या काळातही असंच व्हायचं.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी हार्वेस्ट झालं. लिलाव चालवणाऱ्या मुलाने शेवटी माईकवर ओरडून सांगितलं की एकूण 84,600 ची बोली झाली, जोरात टाळ्या. पुढच्या रविवारी सूचना वाचताना सेक्रेटरी म्हणाले, "हार्वेस्टचे 61,300 रुपये जमा झाले, प्रभूला धन्यवाद," आणि पुढची सूचना वाचायला लागले. मधले 23,300 म्हणजे 11 जणांकडची उधारी. एवढं एक वाक्य त्यांनी म्हटलं असतं तर मला आज हे लिहावं लागलं नसतं. त्यांच्या मनात काही नव्हतं, घाईत होते, त्या दिवशी बारशाचाही कार्यक्रम होता.

आता ही गोष्ट हातोहात कशी गेली ते सांगतो, कारण मी नंतर जवळजवळ दीड महिना एकेकाच्या घरी जाऊन ते शोधून काढलं.

उपासना सुटल्यावर पोर्चमध्ये चपला घालता घालता एका काकूंनी शेजारणीला विचारलं, "84 म्हटले होते ना गं त्या दिवशी, मग 61 कसे?" बस एवढंच. प्रश्न बरोबरच होता, तो फक्त चुकीच्या माणसाला विचारला गेला, ताई तिथून 20 पावलांवर उभ्या होत्या.

शेजारणीने घरी नवऱ्याला सांगितलं की हिशेबात फरक आहे. प्रश्न होता त्याचं विधान झालं.

त्याच आठवड्यात मंडळीतल्या एका बाईने ताईंना इतवारीत सराफा बाजारात एका सोनाराच्या दुकानातून पर्स छातीशी धरून बाहेर येताना पाहिलं. हे खरं होतं, ताई तिथे गेल्या होत्या. त्या बाईने हे सहज म्हणून महिला संघातल्या एकीला फोनवर सांगितलं, त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला 61 आणि 84 आधीच पोचलेले होते, मग काय, दोन आणि दोन पाच झाले.

बुधवारी मोहननगरला एका घरी कॉटेज प्रार्थना होती. शेवटी प्रार्थनेचे विषय घेतात ना, कोणाचा गुडघा, कोणाची नोकरी, कोणाच्या मुलाची बारावी, त्यात एक भगिनी डोळे मिटून अगदी हळू आवाजात बोलल्या, "आपल्या ताईंसाठीही विशेष प्रार्थना करू या, पैशाच्या मोहाच्या बाबतीत त्या कठीण परिस्थितीतून जाऊन राहिल्यात, मी जास्त सांगू शकत नाही." घरात 17 जण होते. प्रार्थना झाली, आमेन झालं, चहा आला आणि चहाबरोबर तो "जास्त" भाग पण आला.

या प्रेअर रिक्वेस्टवर मी जरा थांबतो, कारण माझ्या मते आमच्या ख्रिस्ती लोकांची खास अडचण इथेच आहे. बाहेर कोणी कोणाबद्दल बोललं तर निदान चुगली म्हणून ओळखू तरी येते, लोक "जाऊ दे ना बाप्पा" म्हणून विषय बदलतात. आमच्याकडे ती डोळे मिटून आणि हात जोडून येते, मग तिला अडवायचं कोणी, प्रार्थनेला नको कसं म्हणणार? बायबलमधल्या नीतिसूत्रे 18:8 मध्ये कानाशी लागणाऱ्याच्या शब्दांना गोड घासाची उपमा दिलीय, घास पोटात खोल उतरतो असं लिहिलंय. घास म्हटलंय, विष म्हटलेलं नाही, चवीला चांगला लागतो म्हणूनच माणूस दुसरा मागतो. त्या भगिनी वाईट बाई नाहीत, माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी त्याच रोज डबा घेऊन यायच्या. पण ताई स्वतः त्या खोलीत बसलेल्या असत्या तर त्यांनी ही विनंती याच शब्दांत मांडली असती का? नसती मांडली, आणि मग ती प्रार्थना नव्हतीच.

गुरुवारी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने फुलांच्या फोटोवर मलाखी 3:8 टाकलं, देवाला लुबाडण्याबद्दलचं वचन. नाव नाही, गाव नाही. खाली 14 लोकांनी हात जोडले. ताई त्या ग्रुपवर होत्या. देवाच्या वचनाचा दगड करून मारता येतो हे मला त्या दिवशी समजलं नाही, मी पण हात जोडणाऱ्यांत होतो, सकाळी सकाळी वचन आलं की अंगठा आपोआप जातो.

आणि मग माझं "बघू". डिसेंबरच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर आम्ही चार पाच जण नेहमीच्या ठेल्यावर तर्री पोहे खाऊन राहिलो होतो, एकाने विचारलं, "भाऊ, तुम्ही तर हिशेब बघता, काय चालू आहे हे?" मला तोपर्यंत काहीच माहीत नव्हतं, वही मी मार्चशिवाय बघत नाही. मी म्हटलं, "बघू, मार्चमध्ये कळेलच." मला वाटलं मी कोणाची बाजू न घेता शहाण्यासारखं बोललो. तीन दिवसांनी तेच वाक्य माझ्याकडे फिरून आलं ते असं, "हिशेब तपासणारे भाऊ पण मार्चमध्ये दाखवतो म्हणाले, म्हणजे त्यांच्याकडे काहीतरी आहे." कोणी खोटं बोललं नाही बघा. पोर्चपासून ठेल्यापर्यंत एकाही माणसाने जाणूनबुजून खोटं सांगितलं नाही, प्रत्येकाने फक्त आपल्या हातचं चिमूटभर टाकलं आणि शेवटी ताई चोर झाल्या.

बाहेरच्या लोकांना वाटेल एवढं काय त्यात, दुसऱ्या चर्चमध्ये जायचं. नागपूरचा ख्रिस्ती समाज किती मोठा आहे हो? मोहननगर, खलासी लाईन, मेकोसाबाग, सदर, जरीपटका, इकडचा आवाज संध्याकाळपर्यंत तिकडे. एकाच शाळेत शिकलेले, एकमेकांच्या सोयरिकीतले, कोणाची आत्या कोणाची नर्स, कोणाचा मामा कोणाच्या शाळेत. पंथ वेगळे असले तरी लग्नात आणि दफनात सगळे एकत्र. याच गावात 29 नोव्हेंबर 1970 ला सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, ख्रिस्ती एकीची गोष्ट निघाली की नागपूरचं नाव निघतं, आम्हाला त्याचा अभिमान आहे. त्या वर्षी 29 नोव्हेंबरच्या आसपासच ताईंचं नाव घरोघरी फिरून राहिलं होतं. नीतिसूत्रे 22:1 सांगतं की चांगलं नाव मोठ्या धनापेक्षा निवडावं. लहान समाजात ते नाव एकदा गेलं तर ते परत मिळवायला दुसरं गाव नसतं.

ताईंना कळलं मुलीकडून. मुलगी बारावीला, कॉयरमध्ये आल्टो गायची. प्रॅक्टिसला एका मैत्रिणीने विचारलं, "तुझ्या आईचं काय झालं गं?" तिने घरी येऊन आईला विचारलं, आईने काय झालं ते सांगितलं आणि वर हे पण म्हटलं की आपण कोणाला काही बोलायचं नाही. मुलीने दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिस बंद केली.

आणि मग कॅरल राउंड. आमच्याकडे ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यात तरुण संघ आणि मोठे मिळून घरोघर गात जातात, डफ, गिटार, एक टेम्पो, रात्री 11-12 वाजेपर्यंत. ताईंच्या घरी 14 वर्षं न चुकता थांबा असायचा, नवरा होता तेव्हापासून. त्या रात्री त्यांनी दाराला तारा लावला, 40 कप धुऊन स्टीलच्या दोन मोठ्या ट्रेमध्ये उलटे घालून ठेवले, करंज्या आणि शंकरपाळे काढून वर रुमाल झाकला. लिस्ट बनवणाऱ्या मुलांनी त्यांचं घर लिहिलंच नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं, त्यांना आपलं "बरं दिसणार नाही" वाटलं म्हणे. टेम्पो त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आला, दोन घरं सोडून एका घरी थांबला, गाणं झालं, आणि पुढे गेला. ताई दारात उभ्या होत्या. गाण्यातला एक एक शब्द ऐकू येऊन राहिला होता म्हणाल्या. मग त्यांनी तारा बंद केला आणि ते 40 कप एकेक करून परत फळीवर लावले. हे मला त्यांनी खूप नंतर सांगितलं, आणि सांगताना त्या कपांचे कान सगळे एका बाजूला कसे लावले ते हाताने दाखवत होत्या.

ख्रिसमसच्या उपासनेला ताई आल्या नाहीत. 27 तारखेला मी त्यांच्याकडे गेलो. खरं सांगायचं तर चांगल्या मनाने नव्हतो गेलो, कमिटीतल्या एका वडिलांनी (मंडळीच्या ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांना आमच्याकडे वडील म्हणतात) म्हटलं होतं की मार्चपर्यंत थांबू नका, वही आत्ताच ताब्यात घ्या, म्हणून गेलो.

ताईंनी काही न बोलता वही आणून समोर ठेवली. साधी 200 पानी वही, खाकी कव्हर, आत पट्टीने मारलेल्या रेघा. वस्तू, बोली, नाव, रोख, बाकी. बँकेत भरल्याची स्लिप त्याच पानाला टाचलेली, 61,300. खाली बाकीच्यांची 11 नावं आणि पुढे तारखेनिशी आलेले पैसे, तोपर्यंत 9,000 आले होते, त्याची पण स्लिप. राहिले 14,300. मी 35 वर्षं लोकांच्या वह्या बघितल्या, इतकी स्वच्छ वही क्वचित पाहिली असेल.

मग मी ती 11 नावं वाचली. त्यात व्हॉट्सॲपवर मलाखी टाकणारे होते, एक कोंबडा आणि संत्र्याची पेटी मिळून 2,800. ज्यांच्या घरी कॉटेज प्रार्थना झाली त्या घराचं नाव होतं. वही ताब्यात घ्या म्हणणारे वडील पण होते.

मी म्हटलं, "ताई, हे एक पान त्या दिवशीच ग्रुपवर टाकलं असतं तर विषय संपला असता."

त्या म्हणाल्या, "आणि यांची नावं? सगळ्यांसमोर वाचली तर त्यांना कसं वाटलं असतं? देतील ना ते, कोणाचा पगार उशिरा होतो, कोणाचं काही असतं."

म्हणजे जे त्यांची इज्जत घालवून राहिले होते त्यांची इज्जत त्या वहीत झाकून बसल्या होत्या. मला त्या खुर्चीवर बसवेना.

सोनाराचं मी विचारायला नको होतं, पण विचारलं. धाकटा भाऊ मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात भरती होता, लिव्हर गेलेलं, दारूने. दर काही दिवसांनी पोटातलं पाणी काढावं लागायचं, अल्ब्युमिनच्या बाटल्या बाहेरून आणायच्या, त्या किती महाग असतात ते ज्यांनी आणल्यात त्यांना माहीत आहे. त्यासाठी ताई पाटल्या गहाण ठेवून आल्या होत्या. भाऊ एकेकाळी आमच्याच संडे स्कूलला शिकवायचा, माझ्या मुलाला दहा आज्ञा त्यानेच पाठ करवल्या. त्याने बहिणीकडून वचन घेतलं होतं की मंडळीत सांगू नको, मुलं मला सर म्हणतात. आता बघा ताई कशा अडकल्या होत्या, स्वतःचं नाव वाचवायचं तर उधारीवाल्यांचं आणि भावाचं नाव उघडं करावं लागत होतं. अफवा ही निर्दोष माणसाला असं कोपऱ्यात नेते, तिथून बाहेर यायला दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पाय देऊनच यावं लागतं, आणि जो चांगला असतो तो देत नाही.

इथून पुढे माझी चूक.

30 तारखेला कमिटीची तातडीची बैठक बोलावली. मी वही उघडून सगळा हिशेब मांडला, उधारीवाल्यांची नावं नाही घेतली, तेवढी अक्कल होती. पण एकाने विचारलं, "ते सगळं ठीक आहे भाऊ, मग सोनाराकडे काय करून राहिल्या होत्या?" आणि मी, ताईंची बाजू घेण्याच्या भरात, जोरात बोललो, "अहो भावाच्या ट्रीटमेंटसाठी पाटल्या गहाण ठेवायला गेली ती बाई, तो मरणाच्या दारात आहे मेडिकलमध्ये!" खोली एकदम चूप झाली. मला वाटलं मी न्याय केला. 

आठवड्याच्या आत पूर्ण मंडळीला माहीत झालं की संडे स्कूलचे सर दारूने लिव्हर घालवून मेडिकलला पडलेत. काही लोक भेटायला गेले, चांगल्या मनानेच गेले, फळं घेऊन, त्यांच्या पलंगाशी उभं राहून प्रार्थना केली. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ताई माझ्या घरी आल्या, गेटच्या आत नाही आल्या, तिथेच उभ्या राहून म्हणाल्या, "पैशाचं बोलले तेव्हा मी रडली नाही भाऊ. हे तुम्ही कशाला सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खोटं बोललो नव्हतो, वाईटासाठी बोललो नव्हतो, उलट त्यांच्यासाठी बोललो होतो. आपण लहानपणापासून शिकतो की खोटी साक्ष देऊ नको, आणि आपल्याला वाटतं खरं असलं म्हणजे बोलायला मोकळीक. तसं नाहीये. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात, 1992 चा, परिच्छेद 2477 मध्ये हे वेगळं करून लिहिलंय, पुरावा नसताना मनात दोष धरणं एक, खोटं सांगून बदनाम करणं एक, आणि तिसरं म्हणजे पुरेशा कारणाशिवाय दुसऱ्याचा खरा दोष, ज्याला माहीत नाही त्याला सांगणं, ते पण पाप. मी कॅथलिक नाही पण हे वाचल्यावर मला माझं नाव तिथे दिसलं. धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1529 च्या लहान प्रश्नोत्तरावलीत याच आज्ञेखाली लिहिलं की नुसतं खोटं न बोलणं पुरत नाही, शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याबद्दल चांगलं बोलावं आणि प्रत्येक गोष्टीचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा. मी बाजू घेतली होती, पण एका शेजाऱ्याची बाजू घेताना दुसऱ्या शेजाऱ्याला उघडं पाडलं होतं. "सोनाराकडे का गेल्या" याचं बरोबर उत्तर एवढंच होतं की तो आपला विषय नाही.

पाळक साहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं, माझंही. त्यांनी मत्तय 18:15 काढलं, तुझा भाऊ चुकला तर आधी त्याच्याकडे एकट्याने जा, मग एकदोघांना घेऊन जा, मंडळीला सांगणं सगळ्यात शेवटी. म्हणाले, आपल्याकडे हा क्रम पूर्ण उलटा झाला, आधी मंडळी, मग एकदोघं, आणि ताईंकडे एकट्याने तर कोणी गेलंच नाही, तुम्ही गेलात ते वही आणायला. पोप फ्रान्सिस यांनी 6 सप्टेंबर 2020 ला याच मत्तय 18 वर बोलताना चुगलीला कोविडपेक्षा वाईट साथ म्हटलं होतं, हे पण त्यांनीच सांगितलं. त्या सप्टेंबरमध्ये नागपुरात कोविडने काय चाललं होतं ते इथल्या कोणाला सांगायची गरज नाही, म्हणून ते वाक्य मला फार जड वाटलं.

मग आम्ही दोघं ज्या रस्त्याने गोष्ट गेली त्याच रस्त्याने उलटे गेलो. पोर्चवाल्या काकू, त्यांची शेजारीण, सराफ्यात पाहणाऱ्या बाई, फोनवाल्या, कॉटेज प्रार्थनेच्या भगिनी, मलाखीवाले. सगळीकडे एकच शब्द ऐकला, "फक्त". मी फक्त विचारलं, मी फक्त पाहिलं ते सांगितलं, मी फक्त प्रार्थना मागितली, मी फक्त वचन टाकलं. मी पण फक्त बघू म्हटलं होतं. एका बंधूंचं म्हणणं होतं की अहो निदान पाच सहा जण तेच बोलून राहिले होते, म्हणून विश्वास बसला. 1 तीमथ्य 5:19 सांगतं की वडिलांवरचा आरोप दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नको. पण एकाच बाईने एकदा पाहिलेलं सहा जणांनी सांगितलं तर साक्षीदार एकच राहतो, सहा होत नाहीत, हे त्यांना समजवायला मला वेळ लागला, बँकेतलं उदाहरण द्यावं लागलं की एका चेकच्या सहा झेरॉक्स म्हणजे सहा चेक नाहीत. कॉटेज प्रार्थनेच्या भगिनी सगळ्यात जास्त रडल्या आणि मान्य करायला सगळ्यात जास्त वेळ पण त्यांनीच लावला, तीनदा जावं लागलं.

कमिटीत वाद झाला तो जाहीर बोलण्यावर. दोन वडिलांचं म्हणणं की आता मिटलंय, स्टेजवरून बोलून विषय वाढेल, ताईंची खाजगीत माफी मागू. मला ते पटत नव्हतं. 14 लोकांनी ग्रुपवर हात जोडले, 17 जणांनी प्रार्थना केली, टेम्पोभर लोक दारासमोरून गाऊन गेले, आणि माफी बंद खोलीत? जक्कय नावाच्या जकातदाराने लूक 19 मध्ये चौपट परत देतो म्हटलं ते येशूसमोर उभं राहून, लोक ऐकत असताना. पण माझी ओरड ऐकून पाळक साहेब म्हणाले, आधी ताईंना विचारा, यावेळी तरी. विचारलं. त्या म्हणाल्या, पैशाचं बोला, भावाचं एक अक्षर नको. 

जानेवारीत प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर मोडायच्या आधी, पाळकांनी पूर्ण हिशेब वाचला, 84,600 ची बोली, आजपर्यंत जमा किती, बाकी किती, नावं नाहीत. मग म्हणाले की मंडळीने आपल्या एका बहिणीबद्दल खोटं धरलं, पाळक म्हणून मी वेळेवर विचारलं नाही, मी क्षमा मागतो. मग मी उठून माझं म्हटलं. आणखी तिघं उठले, मला सहा सात अपेक्षित होते. त्याच दिवशी उधारीचे 7,000 रुपये दानपेटीत पाकिटातून आले.

हे वाचून वाटेल चला झालं. दुसरे शमुवेल 16 आणि 19 वाचा. सीबा हा शौल राजाच्या नातवाचा, मफीबोशेथचा चाकर, मालक दोन्ही पायांनी अधू. दावीद राजा बंडामुळे पळून चालला होता तेव्हा सीबाने लादलेली गाढवं त्याच्यापुढे नेली, 200 भाकरी, मनुके, द्राक्षारस, आणि मालकाबद्दल कानात सांगितलं की तो आजोबांचं राज्य परत मिळायची वाट बघून राहिलाय. दाविदाने एकाच बाजूचं ऐकून मफीबोशेथचं सगळं सीबाला देऊन टाकलं. नंतर मफीबोशेथ स्वतः समोर आला, कपडे न धुतलेले, दाढीमिशीला हात न लावलेला, राजा गेला त्या दिवसापासून तसाच. तेव्हा दावीद काय म्हणाला, जमीन दोघं अर्धी अर्धी वाटून घ्या. खरं कळल्यावर पण अर्धंच परत! मी हा भाग आधी कितीदा वाचला असेल, मला कधी खटकला नव्हता. ताईंना पण अर्धंच परत मिळालं, किंवा त्याहून कमी.

भाऊ फेब्रुवारीत गेले. दफनाला जरीपटक्याकडच्या कब्रस्तानात आमची मंडळी भरभरून आली. ताईंनी सगळ्यांशी सलाम केला. कॉटेज प्रार्थनेच्या भगिनी शेवटपर्यंत त्यांचा हात धरून होत्या आणि ताईंनी तो सोडवला नाही. मला मात्र त्यांनी अजून घरी बोलावलेलं नाही, चर्चमध्ये बोलतात, नीट बोलतात. मी वाट बघतो.

खजिनदारपण त्यांनी मार्चमध्ये सोडलं. मुलगी आता नर्सिंगला आहे, रविवारी मैत्रिणीबरोबर दुसऱ्या चर्चला जाते, गाते की नाही माहीत नाही. हार्वेस्टला आता टेबलावर दोघं बसतात, मोठा फळा ठेवतो, बोली, रोख आणि बाकी असे तीन आकडे संध्याकाळीच लिहितो. कॉटेज प्रार्थनेत पाळकांनी नियम केला की दुसऱ्याचा विषय त्याला विचारूनच मांडायचा, पहिले दोन महिने विषय एकदम कमी झाले, काही लोक नाराजही झाले, आता सवय झालीय.

पुढच्या ख्रिसमसला कॅरल राउंडच्या लिस्टवर ताईंचं घर पहिलं होतं. मी टेम्पोत मागे बसलो होतो. दाराला तारा होता. गाणं झाल्यावर त्यांनी बाहेर येऊन विचारलं, "किती जण आहात?" एका मुलाने मोजून 32 म्हटलं आणि त्या आत कप काढायला गेल्या.

वहीतल्या 11 पैकी दोन नावांपुढे अजून बाकी आहे, 3,500 रुपये. ती वही मार्चमध्ये सही करताना माझ्याकडे आली, ती नावं मला माहीत आहेत. ताईंनी ती कोणाला सांगितली नाहीत.